कपाटाचा आजार

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या शनिवारी सकाळी मुंगीला शिरायला वाव नव्हता. खुर्च्या भरलेल्या, भिंतींना माणसं टेकलेली, जिन्यात रांग. रांगेच्या शेपटाकडचे लोक मान उंचावून वरच्यांना विचारत होते, "रेघ जाड झाली का?" वरून कुणीतरी ओरडलं, "झाली! चांगली जाड झाली!" आणि खालचे लोक घरात पाळणा हलल्यासारखे खूश झाले.

ही रेघ एका जुनाट राखाडी यंत्राच्या पडद्यावर होती. हिरवी, आडवी, दोऱ्यासारखी. यंत्रापुढे निळ्या मखमलीवर एक चकचकीत स्टीलचा डबा मांडला होता. डब्यातून एक लांबलचक निळी वायर निघाली होती आणि तिच्या टोकाला हातात धरायची पितळी नळी होती. ती नळी आत्ता एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या दोन्ही मुठींत होती. त्यांनी ती धरेपर्यंत रेघ बारीक होती. धरल्याबरोबर ती फुगून बोटभर रुंदीचा हिरवा पट्टा झाली होती.

"पाहिलंत?" तरंगाचार्य म्हणाले. आवाज असा, की बातमी वाईट आहे पण सांगायला मजा येते आहे.

तरंगाचार्य हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, खिशाला ओळीनं पेनं लावलेली, त्यातलं एकही कधी उघडलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"मनुष्य म्हणजे काय?" त्यांनी हॉलला विचारलं. "हाडं? नाही. मांस? मुळीच नाही. मनुष्य म्हणजे कंप! पेशीपेशीतून क्वांटम ऊर्जा वाहते आहे. निरोगी माणसाचा तरंग सडपातळ असतो. रोग आला की तरंगाला सूज येते. ही सूज रक्तात सापडत नाही, फोटोत दिसत नाही. डॉक्टर काय बघतात? गाठ बघतात, दुखणं बघतात. आम्ही मूळ बघतो, मूळ!"

क्वांटम हा शब्द ते भाजीत मीठ टाकावं तसा चवीपुरता टाकत. पुढच्या रांगेत बसलेले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक दर क्वांटमला मान डोलवत होते. आपल्याला हे कळतं, असं इतरांना कळावं म्हणून.

मग आचार्यांनी चांदीच्या डबीतून एक छोटा काळा मणी काढला. वायरचं डब्यात खोचलेलं टोक उपसलं, त्यावर मणी ओवला, टोक परत खोचलं. पोस्टमास्तरांनी डोळे गच्च मिटले होते. पडद्यावरचा हिरवा पट्टा थरथरला, आकसला आणि पुन्हा दोऱ्यासारखा बारीक झाला.

हॉलभर टाळ्या झाल्या. आचार्यांनी मणी वायरीवरून काढून रेशमी दोऱ्यात ओवला आणि पोस्टमास्तरांच्या गळ्यात बांधला. "रोग बांधला गेला. आता औषधांचा मारा थांबवा. मण्याला त्याचं काम करू द्या. पुढच्या शनिवारी या. मणी किती रोग प्यायला, ते बघू."

सकाळपासून नळी धरलेला एकही माणूस निरोगी निघाला नव्हता. पण याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. उलट जिन्यात दोन गृहस्थ आपापली रेघ दुसऱ्यापेक्षा कशी जाड होती यावरून हमरीतुमरीवर आले होते. यंत्र चालू आहे हे दाखवायला आचार्य अधूनमधून स्वतः तरंग देत. त्यांची वायर वेगळी होती, लाल, वीतभर लांबीची. ती धरली की रेघ बारीकच राहायची. "आचार्यांचं शरीर!" बाया एकमेकींना सांगत.

हॉलच्या अगदी मागे दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरलीच्या गळ्यात रेशमी दोरा होता आणि दोऱ्यात काळा मणी. धाकटीच्या कपाळाला आठ्या होत्या.

"बघितलंस ना आता डोळ्यांनी?" ताई कुजबुजली.

धाकटीनं बघितलं होतं, आणि तिचं डोकं सणकलं होतं. ती जाड हिरवी रेघ तिच्या ओळखीची होती. नको त्या वेळी दारात हजर होणाऱ्या नातेवाइकासारखी ही रेघ कामाच्या टेबलावर वर्षानुवर्षं तिच्या मागे लागलेली होती.

*

"तू काय वाट्टेल ते म्हण," घरी आल्यावर ताई ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "माझी रेघ बारीक झाली आहे. गेले दोन महिने दर शनिवारी सगळ्यांसमोर होते."

"आणि गाठ?"

 धुतलेलीच कपबशी ताईनं पुन्हा नळाखाली धरली.

गाठ छातीत होती, डाव्या बाजूला. डॉक्टरीणबाईंनी तपासून, तुकडा काढून, अहवाल समोर ठेवून स्पष्ट सांगितलं होतं, की हा कर्करोग आहे, लहान आहे, लवकर सापडला आहे, आत्ता काढला तर बरं व्हायची आशा चांगली आहे. शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती. ती तारीख ताईनं फोन करून रद्द केली होती. धाकटीला हे कळलं ते तारीख उलटून गेल्यावर. सांगितलं भावोजींनी, आणि तेही तोंड भरून हसत, पेढे वाटल्यासारखे.

"यंत्र कशाला खोटं बोलेल?" भावोजी आत्ताही खुर्चीत रेलून म्हणाले. "माणूस खोटं बोलेल. यंत्राला काय मिळणार आहे?"

"यंत्राला काही मिळत नाही, भावोजी. यंत्रवाल्याला मिळतं."

"तुला सगळ्यातच खोट दिसते. हिला महिनाभर झोप नव्हती. आता घोरते, विचार तिला."

"मी घोरत नाही," ताई म्हणाली.

"अगं, झोप लागते कारण भीती गेली," धाकटी म्हणाली. "गाठ कुठे गेली? ती तिथंच आहे."

ताई गर्रकन वळली. तिचे डोळे भरले होते. "भीती गेली, हे काय थोडं झालं? तुला काय कळणार! आईला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा तिची चप्पल माझ्या हातात होती. मी ती धरून बाकावर बसले होते. आई परत आली का? आली? सांग ना."

 आई परत आली नव्हती, हे खरंच होतं. पण आईनं दुखणं वर्षभर लपवून ठेवलं होतं आणि आत नेलं तेव्हा फार उशीर झाला होता, हेही तितकंच खरं होतं. ते या घरात कुणी बोलत नसे. धाकटीला ताईची कणव आली आणि त्याच क्षणी त्या पांढऱ्या कोटाचा संताप आला. माणसाच्या सगळ्यात दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या, याला नालायकपणा याशिवाय दुसरा शब्द तिला सुचेना.

"तो मणी बघू जरा," ती म्हणाली.

"काढायचा नसतो."

"काढू नकोस. नुसता बघू दे."

ती ताईच्या जवळ गेली. मणी खिडकीच्या उजेडाकडे वळवून तिनं त्यावरून नख फिरवलं. दगडासारखा टणक, मातकट काळा, मधे सरळ भोक. ओट्यावर एक टाचणी पडली होती ती तिनं फ्रिजवरच्या लोहचुंबकावर घासून मग मण्याजवळ नेली. टाचणी टपकन मण्याला चिकटली.

"बघ, शक्ती आहे की नाही त्यात!" भावोजी म्हणाले.

धाकटीनं टाचणी ओट्यावर ठेवली. मणी फेराइटचा होता, गंजाची पूड भाजून केलेला. असले मणी तिच्या ऑफिसात जमिनीवर सांडले तर झाडूनं गोळा करत.

*

धाकटी जिथं कामाला होती तिथं मोजमापाची यंत्रं बनत. तिच्याकडे बफर बनवायचं काम होतं. बफर म्हणजे काय, हे ती घरी सांगायला लागली की भावोजी जांभई देत. पण गोष्ट साधी आहे. काही सिग्नल इतके अशक्त असतात, की नुसतं मोजायला गेलं तरी कोलमडतात. मोजणारं यंत्र त्यांच्याकडून थोडी वीज ओढतं आणि जे मोजायचं तेच बदलून बसतं. आजारी माणूस हळू आवाजात काही सांगतो आहे आणि ऐकणारा त्याच्याच छातीवर रेलून ऐकतो आहे, असा तो प्रकार. म्हणून मधे बफर बसवतात. त्यानं सिग्नलकडून जवळजवळ काहीच घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि ऐकलं ते जसंच्या तसं, पण ठणठणीत आवाजात, पुढच्या यंत्राला सांगायचं. संथ सिग्नल असो की सेकंदाला कोट्यवधी हेलकावे घेणारा असो, दोन्ही त्याला सारखेच जमले पाहिजेत.

अडचण अशी, की इतका तिखट कान आणि इतकी चपळ जीभ एका डब्यात कोंबली की ती जोडी स्वतःशीच बोलायला लागते. पुढे सांगितलेल्यातलं किंचित काही आतल्या आत मागे झिरपतं. बफर ते पुन्हा ऐकतो, पुन्हा सांगतो, पुन्हा ऐकतो. कानाशी लांब वायर असली आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी मोठं जोडलं, म्हणजे तर विचारायलाच नको. बाहेरून काहीही आलेलं नसताना डबा आपल्या आपण थरथरतो. ती थरथर इतकी वेगवान असते, की पडद्यावर सुटी दिसत नाही. रेघ नुसती फुगलेली दिसते. बफर गायला लागला, असं तिथले लोक म्हणतात आणि कपाळाला हात लावतात.

यावरचा इलाज प्रत्येक होतकरू इंजिनिअर पहिल्या वर्षात शिकतो. वायर जिथं आत शिरते तिथं तोंडाशी फेराइटचा मणी ओवायचा. अतिवेगवान थरथर मण्यात जिरते, संथ सिग्नल सुखरूप पुढे जातो. बफर गप्प होतो आणि रेघ बारीक होते.

म्हणजे एखाद्या अर्धवट माणसानं बनवलेला वेडावाकडा बफर आचार्यांच्या हाती लागला होता. दुसरा कुणी तो फेकून देता. या गृहस्थांनी बिघाडालाच गुरू केलं होतं. धाकटी स्वतः महिना महिना ज्या दोषापायी डोकेफोड करायची, त्याच दोषावर त्यांनी दुकान थाटलं होतं.

सोमवारी तिनं स्वतःच्या टेबलावर हे करून पाहिलं. चांगल्या बफरचा मणी आणि त्याच्या जोडीचा रेझिस्टर काढून टाकला, लांब वायर जोडली, टोक मुठीत धरलं. रेघ फुगली. शेजारच्या सहकाऱ्याला धरायला लावलं. पुन्हा फुगली.

"मला काय झालंय?" त्यानं विचारलं.

"गाठ, सांधेदुखी, मूळव्याध. जे परवडेल ते."

मग ती भांडारात गेली. भांडारवाल्या बाई एरवी साधा स्क्रू द्यायचा तरी जिवावर आल्यासारखं करत.

"मणी? आणि तेही फेराइटचे? मूठभर घेऊन जा गं बाई. पोत्यानं पडलेत. हवं तर माळ करून गळ्यात घालून फिर."

"लोक फिरतायत," धाकटी म्हणाली.

*

ताईला पुन्हा हॉलवर न्यायला फारसे कष्ट पडले नाहीत; ती दर शनिवारी जातच होती. धाकटीनं फक्त एक गोष्ट कबूल करून घेतली. "मणी गळ्यातच ठेवून नळी धरायची. एरवी ते मणी काढून घेऊन वायरीवर ओवतात ना, तसं करू द्यायचं नाही. रेघ बारीक राहिली तर मी या विषयावर जन्मात तोंड उघडणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

ताईनं आनंदानं होकार दिला. जिंकणारच अशी तिची खात्री होती. 

हॉल गेल्या वेळेपेक्षा जास्त भरला होता. पोस्टमास्तर पुढच्या रांगेत मिरवत बसले होते. आचार्यांनी लाल वायर धरून आपली बारीक रेघ दाखवली आणि नेहमीचं वाक्य टाकलं. "कुणाला शंका असेल तर त्यानं पुढे यावं. विज्ञानाला शंकेची भीती नसते."

हे वाक्य ते बिनधास्त टाकत, कारण आजवर कुणी पुढे आलेलं नव्हतं. आज धाकटी ताईचा हात धरून पुढे आली.

"या, या," आचार्य ताईला म्हणाले. "मणी किती प्यायला, बघू." आणि त्यांनी मणी काढायला हात पुढे केला.

"राहू द्या गळ्यात," धाकटी म्हणाली. "त्यानं रोग बांधलाय ना? मग तिथूनच बांधू दे."

"तशी पद्धत नाही, ताई."

"मी हिची ताई नाही, ही माझी ताई आहे. आणि मणी रोग्यासाठी आहे की वायरसाठी?"

आचार्यांनी पाहिलं. हॉल बघत होता. "बघू तर खरं," पुढून प्राध्यापक उदारपणे म्हणाले. आचार्यांना काही सुचायच्या आत ताईनं नळी उचलून मुठीत घट्ट धरली.

रेघ फुगली. बोटभर जाड.

 ताईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ती पडद्याकडे बघत राहिली आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा निघाला. "म्हणजे गेलंच नाही?"

इथं एखादा गप्प बसता. पण आचार्यांचा धंदाच असा, की समोरच्याची पाचावर धारण बसली की यांना चेव चढे. त्यांनी आवाज खाली आणला. "शंका! बहिणीनं घरात शंका आणली आणि रोग परतला. बाई, दुप्पट होऊन परतला. आता एका मण्यानं भागणार नाही. आणि हिला..." त्यांनी धाकटीकडे बोट केलं, "हिला घरापासून लांब ठेवा."

 धाकटीनं ताईच्या मुठीतून नळी हलकेच सोडवून घेतली आणि ती हॉलच्या कोपऱ्याकडे चालू लागली. तिथं दुकानदाराचं जुनं लोखंडी कपाट उभं होतं, सतरंज्या ठेवायचं. वायर ताणून तिथवर पोचली. कपाटाच्या कडीचा रंग वापरून वापरून उडाला होता. धाकटीनं पितळी नळी त्या कडीत करकचून खोचली आणि दोन्ही हात वर करून मागे सरकली.

पडद्यावर रेघ जाड होती.

"आचार्य," ती म्हणाली, "कपाटाला काय झालंय?"

कुणीतरी फिसकन हसलं. आचार्य म्हणाले, "लोखंडालाही... लोखंडातसुद्धा ऊर्जा असते. क्वांटम..."

"असेल. पण आजार कुठला? मूळ कुठाय? डाव्या दारात की खालच्या कप्प्यात?"

आता हशा झाला. पोस्टमास्तर उभे राहून पडद्याकडे निरखून बघत होते. "अहो, ही तर माझ्याएवढीच जाड आहे!" ते म्हणाले, आणि हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

धाकटीनं खिशातून मूठ बाहेर काढली आणि मखमलीवर उघडली. काळे मणी घरंगळले. तिनं वायरचं टोक उपसलं, एक मणी ओवला, टोक खोचलं. रेघ बारीक झाली.

"अभिनंदन. कपाट बरं झालं." तिनं मणी काढला. रेघ फुगली. "परत आजारी पडलं. त्याच्या बहिणीनं शंका घेतली असणार."

"हा अपमान आहे!" आचार्य ओरडले. "हे यंत्र श्रद्धेवर चालतं!"

"मघाशी विज्ञानावर चालत होतं. बरं, तुमची तर श्रद्धा आहे ना? निळी वायर धरा. तुमची ती वीतभर लाल नको, आमचीच धरा."

"आचार्य रोग्याची वायर धरत नाहीत."

"धरा हो!" मागून दुकानदार ओरडला. हॉल त्याचा, कपाटही त्याचं. "माझ्या कपाटानं धरली, तुम्हाला काय होतंय?"

"धरा! धरा!" हॉलनं उचलून धरलं. हेच लोक गेल्या शनिवारी टाळ्या पिटत होते. आचार्यांना पळायला वाट नव्हती, जिन्यात रांग होती. त्यांनी नळी दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर उचलावा तशी धरली. पडद्यावर हिरवा पट्टा पसरला. पोस्टमास्तरांपेक्षा रुंद आणि कपाटापेक्षाही रुंद.

मग धाकटीनं सगळ्यांना कळेल असं सांगितलं. डब्यात काय आहे, ते कशासाठी असतं, लांब वायरीला मोठं काहीही जोडलं की ते का थरथरतं, मणी थरथर कशी जिरवतो, आणि लाल वायर वीतभरच का. "आजारी आहे तो डबा. तुम्ही नाही. तुमच्यातले जे आजारी आहेत त्यांचा आजार या डब्याला दिसत नाही, आणि जे धडधाकट आहेत तेही दिसत नाहीत. मणी डब्यावर चालतो. गळ्यात घातला तर नुसता लोंबतो."

"त्यांनाही ठाऊक नसेल कदाचित," प्राध्यापक म्हणाले. आपणच फसलो असं होऊ नये म्हणून माणसं फसवणाऱ्याचीसुद्धा बाजू घेतात.

"ठाऊक आहे," हे ताई म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "दर वेळी मणी गळ्यातून आधी काढून घेतात. आजही हात पुढे केला. गळ्यात असला तर रेघ जाड होते हे यांना माहीत आहे. आणि माहीत असून मला म्हणाले, ऑपरेशन करू नका."

यावर आचार्यांची जी त-त-प-प सुरू झाली ती वर्णन करण्याच्या लायकीची नाही. डबा, मखमल आणि चांदीची डबी कोटाच्या पोटाशी घेऊन ते जिन्यानं उतरले, आणि उतरताना वाटेतल्या प्रत्येकाला अविश्वासाचे परिणाम सांगत गेले. पडद्याचं जड यंत्र तिथंच राहिलं. हॉल रिकामा व्हायला लागला. एक बाई धाकटीजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पण मणी ठेवला तर काही नुकसान नाही ना?"

"काही नाही. औषधं चालू ठेवा म्हणजे झालं."

"म्हणजे थोडा तरी उपयोग असेलच," असं म्हणत त्या समाधानानं गेल्या. धाकटीला वाटलं, यांनाच एकदा कपाटात ठेवावं.

भावोजी जिन्याशी उभे होते. ते नजर देईनात. शेवटी म्हणाले, "पण झोप लागत होती तिला."

"तुम्हाला लागत होती," ताई म्हणाली, आणि तिनं गळ्यातला दोरा एका हिसक्यात तोडला.

*

डॉक्टरीणबाईंनी ताईला पुन्हा तपासलं आणि नवा अहवाल समोर ठेवला. मग त्यांनी गोड न करता सांगितलं. गाठ वाढली होती. काढता येईल, पण जिथं आधी नुसती गाठ काढून बहुतेक भागलं असतं, तिथं आता नंतर लांबलचक औषधोपचार घ्यावे लागणार होते, केस जाणार होते, आणि खात्री आधीएवढी राहिलेली नव्हती. तरंगाचार्यांच्या चमत्काराचा हिशेब हा असा. टाळ्या त्यांच्या वाट्याला आणि हे ताईच्या. कुठल्या तरी दुसऱ्या हॉलमध्ये, दुसऱ्या नावानं, तो माणूस आजही डबा मांडून बसला असेल, कारण आपण उद्याही गर्दी करणार आहोत. यंत्र दिसलं, पडदा चमकला, पांढरा कोट आला की आपण अक्कल जिन्यात काढून ठेवतो. असं करू नका. आमच्याकडे विज्ञान आहे असं कुणी म्हणालं, तर त्याच्या विज्ञानाला माणसाच्या जागी एकदा कपाट जोडून बघा. जो खरा असेल तो स्वतःच जोडून दाखवेल. जो चिडेल, त्याच्या दारातून उलट्या पावली परत या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ताई खाटेवर आडवी होती. धाकटी उशाशी होती आणि ताईच्या चपला तिच्या मांडीवर होत्या.  नर्सबाईंनी यंत्र जवळ ओढलं आणि ताईच्या बोटाला चिमटा लावला. पडद्यावर एक हिरवी रेघ लयीत वर-खाली व्हायला लागली.

ताईनं मान वळवून ती रेघ बघितली. "सिस्टर," ती म्हणाली, "हे कपाटाला लावलं तर काय दाखवतं?"

"काय?" नर्सबाईंना वाटलं, भूल देण्याआधीच बाई बरळायला लागल्या.

"लावून बघा ना एकदा."

नर्सबाई हसल्या. कामाची घाई होती, पण घाबरलेल्या माणसाचा हट्ट त्यांच्या सवयीचा होता. त्यांनी चिमटा काढला आणि शेजारच्या लोखंडी कपाटाच्या दाराला अडकवला. हिरवी रेघ आडवी झाली, आकडे गेले, आणि रोगी जोडलेला नाही म्हणून यंत्र किंचाळायला लागलं.

ताईनं ते किंचाळणं नीट ऐकून घेतलं. मग तिनं बोट पुढे केलं.

"लावा," ती म्हणाली.